भयकथांच्या अँथॉलॉजीत तिसऱ्या गोष्टीपाशी प्रेक्षक सैल का पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार स्वतंत्र भयकथा, प्रत्येकी पंचवीस ते तीस मिनिटांच्या, एका चित्रपटात, म्हणजे अँथॉलॉजीत, एकत्र आणल्या आहेत. प्रत्येक संहिता सुटी वाचताना अंगावर काटा येतो. पहिला कट, म्हणजे संकलनानंतरची पहिली आवृत्ती, सलग दाखवला तेव्हा मात्र तिसऱ्या गोष्टीपासून बघणारे सैलावले आणि चौथीचा शेवट त्यांनी आधीच ओळखला. दोष नेमका कुठे आहे, आणि धक्के वाढवून तो भरून निघेल का?

धक्के वाढवल्याने हा दोष भरून निघणार नाही, उलट तो अधिक लवकर उघडा पडेल. तुमच्या चारही गोष्टी सुट्या वाचताना परिणामकारक वाटतात यावर माझा विश्वास आहे, कारण या प्रकारात बहुतेक वेळा असेच घडते. अडचण अशी की प्रेक्षक आपल्यापाशी कोऱ्या मनाने येणार, असे गृहीत धरून प्रत्येक गोष्ट लिहिली गेली आहे. अँथॉलॉजीत तो फक्त पहिल्या गोष्टीपाशी कोरा असतो. ती संपेपर्यंत त्याला कळलेले असते की इथे नायिका वाचण्याची शक्यता कमी आहे, भूत साधारण कितव्या मिनिटाला दिसते, दिसण्याआधी संगीत कसे थांबते आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात एखादी वस्तू दाखवून आधीचा सगळा अर्थ कसा उलटवला जातो. दुसऱ्या गोष्टीत तो हे ताडून पाहतो. तिसऱ्या गोष्टीत तो तुमच्या आधीच शेवटाशी पोहोचून तुमची वाट पाहत बसतो, आणि वाट पाहणारा प्रेक्षक घाबरत नाही.

एकसलग भयपटात शेवट कधी येणार याचा अंदाज प्रेक्षकाला असला तरी मधला दीड तास त्याच्यासाठी अनोळखी प्रदेश असतो. अँथॉलॉजीत त्याच्या हाती घड्याळ आणि मोजदाद दोन्ही असतात. चार गोष्टी आहेत हे पोस्टरवरच लिहिलेले असते, त्यामुळे कोणतीही गोष्ट वीस मिनिटांच्या पुढे गेली की तो शेवटाची तयारी करू लागतो. तरीही बहुतेक प्रकल्पांत चार लेखक चार ठिकाणी बसून लिहितात, एकमेकांच्या वनलाइनपलीकडे, म्हणजे एका ओळीतल्या कथासूत्रापलीकडे, काही वाचत नाहीत, आणि चारही गोष्टी पहिल्यांदा एकत्र येतात त्या थेट एडिट टेबलवर. तोवर शूटिंग संपलेले असते. खरे तर पहिल्या लेखकाने कोणती युक्ती खर्च करून टाकली आहे, हे चौथ्या लेखकाला संहिता लिहायला बसण्याआधीच माहीत असायला हवे.

सर्वांत मोठी गफलत शेवटाबाबत होते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. या प्रकारातला कलाटणीचा शेवट मोठ्या प्रमाणात अमेरिकेतील ईसी कॉमिक्स या भयचित्रकथांच्या परंपरेतून आला. पापी माणूस, त्याच्या पापाला साजेशी भीषण शिक्षा, आणि वर एक कुत्सित हास्य, असा तो साचा. ब्रिटनमधील ॲमिकस या कंपनीने १९६५ ते १९७४ या काळात या पद्धतीचे सात चित्रपट काढले, आणि चौकटीसाठी, म्हणजे गोष्टींना बांधणाऱ्या मूळ कथेसाठी, त्यांना एक हुकमी युक्ती सापडली. काही अनोळखी माणसे एका ठिकाणी अडकतात, एक गूढ व्यक्ती त्यांना त्यांच्या गोष्टी दाखवते, आणि अखेरीस कळते की ही मंडळी केव्हाच मेलेली आहेत. १९६५ च्या ‘डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स’मध्ये, रेल्वेच्या डब्यात भविष्य सांगणारी टॅरोची पाने वाचणाऱ्या अभिनेता पीटर कुशिंगसमोर बसलेल्या पाच प्रवाशांचे जेव्हा असे होते तेव्हा ते ठसते. त्यानंतर मात्र पाच अनोळखी माणसे एकत्र बसलेली दिसली की सराईत प्रेक्षक त्यांना पहिल्याच दृश्यात मृत धरून चालू लागला.

त्याच कंपनीच्या १९७२ च्या ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’मधील एक गोष्ट मात्र आजही टिकून आहे, आणि ती का टिकली हे तुमच्या लेखकांनी नीट पाहावे. ग्रिम्सडाइक हा वृद्ध कचरा गोळा करण्याचे काम करतो, मोडक्या वस्तूंची खेळणी बनवून मुलांना देतो, कुत्री पाळतो. शेजारच्या श्रीमंत बापलेकांना तो परिसरात नकोसा आहे. ते त्याची कुत्री घालवतात, त्याच्याकडे मुले येणे बंद करवतात, आणि व्हॅलेंटाइनच्या दिवशी शेजाऱ्यांच्या नावाने त्याला विखारी ओळींची भेटकार्डे पाठवतात. तो गळफास लावून घेतो आणि वर्षभराने थडग्यातून उठून सूड घेतो. शेवट काय होणार हे कुणालाही कळते, कारण साचा तोच आहे. परंतु गोष्टीचा बहुतेक वेळ भुतावर न घालवता कुशिंगने साकारलेल्या या म्हाताऱ्याच्या एकटेपणावर घालवला आहे, त्यामुळे प्रेक्षक शेवट ओळखूनही त्याची अपेक्षा करत राहतो, किंबहुना तो व्हावा असे त्याला वाटू लागते. आपण एका भीषण सूडाच्या बाजूने आहोत ही अस्वस्थता हेच तिथले भय आहे. कलाटणीवर विसंबणाऱ्या गोष्टीत शेवट कळला की सगळे संपते. इथे तसे होत नाही.

याहून पुढचे उदाहरण जपानी दिग्दर्शक मासाकी कोबायाशी यांच्या ‘क्वायदान’मध्ये आहे. लाफकादिओ हर्न यांनी सांगितलेल्या जपानी कथांवर आधारित या चित्रपटाला १९६५ मध्ये कान महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. त्यातील तिसरी गोष्ट होईची या अंध वादकाची आहे. पूर्वी समुद्रावरील लढाईत बुडालेल्या हेइके घराण्याची भुते रात्री त्याला बोलावून नेतात आणि आपल्याच पराभवाचे आख्यान त्याच्याकडून गाऊन घेतात. त्याला वाचवण्यासाठी मंदिरातील भिक्षू त्याच्या सर्वांगावर सूत्रे लिहितात, म्हणजे तो भुतांना दिसणार नाही. कान तेवढे लिहायचे राहून जातात. ही गोष्ट जपानीत ‘कान नसलेला होईची’ याच नावाने प्रसिद्ध आहे, म्हणजे शेवट शीर्षकातच फोडलेला आहे! तरीही भिक्षूंचे कुंचले त्याच्या कपाळावरून, गालांवरून, मानेवरून फिरू लागले की आपण श्वास धरून बसतो. कारण नियम आपल्याला समजलेला असतो, त्यातली फट आपल्याला ठाऊक असते आणि त्या अंध माणसाला ती ठाऊक नसते. शेवट जेव्हा कथेतल्या नियमाचा अपरिहार्य परिणाम असतो, तेव्हा प्रेक्षकाने तो आधी ओळखणे ही अडचण राहत नाही, ती कथेची शक्ती होते. तुमच्या चार गोष्टींपैकी किमान दोन अशा असाव्यात की ज्यांचा शेवट आधी सांगितला तरी त्या चालतील. संहिता तपासताना मी ही कसोटी आवर्जून लावतो, आणि तिच्यात नापास होणाऱ्या संहितांचे प्रमाण दुःखद आहे.

इथे मराठी लेखकांसाठी एक वेगळी सावधगिरी सांगायला हवी. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा वाचत आपण वाढलो, त्यामुळे शेवटच्या वाक्यात वाचकाच्या पायाखालची जमीन सरकवण्याचे कौशल्य आपल्याला फार हवेहवेसे वाटते. कागदावर ते जमते, कारण वाचक ती कथा एका बैठकीत, आपल्या कल्पनेने आणि आपल्या गतीने वाचतो. लेखकाने जे लपवले त्याची त्याला जाणीवही नसते. पडद्यावर तीच माहिती लपवायची तर कॅमेरा कुठेतरी मुद्दाम वळवावा लागतो, एखाद्या पात्राची पाठच दाखवावी लागते, कुणाचे उत्तर अर्ध्यावर तोडावे लागते. पहिल्या गोष्टीत हे खपते. दुसऱ्या गोष्टीत कॅमेरा दाराआड थांबला की प्रेक्षक दाराकडे न पाहता दिग्दर्शकाकडे पाहू लागतो.

दुसरा दोष लांबीचा, म्हणजे खरे तर लांबीच्या वाटणीचा. पंचवीस मिनिटांची गोष्ट बऱ्याचदा दोन तासांच्या चित्रपटाचा संक्षेप म्हणून लिहिली जाते: नवे घर, नवरा-बायकोतला ताण, मोलकरणीचा इशारा, भूतकाळातला अपघात, आणि मग धावपळ. यात बारा-तेरा मिनिटे ओळख करून देण्यातच जातात, आणि अशी ओळख चार वेळा करून घ्यावी लागल्याने प्रेक्षक थकतो. छोट्या गोष्टीला चरित्र लागत नाही, तिला एक कृत्य लागते. इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हा यांच्या १९६३ च्या ‘ब्लॅक सॅबथ’मधील ‘पाण्याचा थेंब’ ही गोष्ट पाहा. एका परिचारिकेला रात्री बोलावणे येते. प्लँचेट करणारी एक बाई बैठकीतच मरण पावली आहे आणि तिच्या प्रेताला कपडे चढवायचे आहेत. परिचारिका प्रेताच्या बोटातली अंगठी काढून घेते, पाण्याचा पेला कलंडतो, थेंब पडू लागतात, आणि अंगठी निघालेल्या बोटावर एक माशी येऊन बसते. तिचे बालपण, कर्ज, नातीगोती यांतले काही आपल्याला सांगितले जात नाही, आणि त्याची उणीव भासत नाही. ती घरी पोहोचते तेव्हा तिथे माशी घोंगावते आणि कुठेतरी थेंब पडू लागतो. ती उठून नळ बंद करते, तर दुसरीकडे थेंब पडू लागतो. सगळे भय या दोन आवाजांवर उभे आहे, आणि दोन्ही आवाज चोरीच्या क्षणीच पेरलेले आहेत. शेवटी ज्या बाईसमोर परिचारिकेचे प्रेत सापडते, तिच्याही कानावर तोच थेंब पडू लागतो, आणि प्रेताच्या बोटात आता अंगठी नाही एवढे आपल्या लक्षात आले की पुढचे काही दाखवावे लागत नाही.

याच्या उलट टोकाला ‘डरना मना है’ या २००३ च्या हिंदी चित्रपटातील सफरचंदांची गोष्ट आहे. स्वस्तात मिळालेली सफरचंदे खाणारी माणसे स्वतःच सफरचंद होतात, ही कल्पना विलक्षण आहे, परंतु ती एकदा कळल्यावर पुढे फक्त संख्या वाढते. पत्नीने काय केले, काय टाळले, तिच्या हातून काय सुटले, याला काही महत्त्व उरत नाही. निव्वळ कल्पना पाच मिनिटे तग धरते, त्यानंतर कुणाला तरी निर्णय घ्यावा लागतो. मी तुमच्या जागी असतो तर चारही गोष्टींतले मुख्य पात्राचे निर्णय एका कागदावर उतरवले असते. एखाद्या गोष्टीसमोर कागद कोरा राहिला, तर ती गोष्ट पाच मिनिटांवर आणून सर्वांत आधी ठेवता येईल. १९४५ च्या ‘डेड ऑफ नाइट’ या ब्रिटिश चित्रपटाने नेमके हेच केले आहे. शववाहिनीच्या चालकाची त्यातली पहिली गोष्ट अगदी आखूड आहे, आणि तिने प्रेक्षकाला एवढेच शिकवले आहे की इथे पूर्वसूचना खऱ्या ठरतात.

आता चौकटीविषयी. तुमच्या चित्रपटात चार मित्र फार्महाउसवर वीज गेल्यावर गोष्टी सांगतात. ही चौकट काही चुकीची नाही, पण ती रिकामी आहे, कारण गोष्ट सांगितल्याने त्या मित्रांचे काही बिघडत नाही किंवा सुधारत नाही. ‘डरना मना है’मध्ये जंगलात अडकलेल्या मंडळींपैकी एकेक जण नाहीसा होत जातो, म्हणजे धोका आहे, पण कोणती गोष्ट सांगितली आणि कोण गेला यांचा परस्परांशी संबंध नाही; परिणामी प्रेक्षक उरलेली डोकी मोजत बसतो. ‘व्ही/एच/एस’ या २०१२ च्या चित्रपटात गंमत अशी झाली आहे की जुन्या टेप पाहणारी माणसे शेवटची टेप सुरू होण्याआधीच संपतात, आणि ती टेप मग कुणासाठी चालू आहे हा प्रश्न अधांतरी राहतो. ती टेप स्वतंत्रपणे चांगली आहे, यात वाद नाही.

चौकट कशी असावी याचा नमुना आपल्याकडे शतकानुशतके आहे, आणि ‘चांदोबा’ वाचलेल्या कुणालाही तो सांगावा लागू नये. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ गोष्ट सांगतो आणि प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील, आणि तो बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाईल. म्हणजे प्रत्येक गोष्टीचा शेवट राजाच्या अंगाशी येतो, आणि ऐकणाऱ्याचा न्यायबुद्धीचा अहंकारच त्याला पुन्हा पुन्हा मागे खेचतो. शेवटच्या गोष्टीत बाप आणि मुलगा यांची लग्ने मुलगी आणि आई यांच्याशी अशी उलटसुलट होतात की त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय, याचे उत्तर राजाला सापडत नाही. तो खरोखरच गप्प राहतो, आणि त्या मौनामुळेच सुटतो. साचा इतक्या वेळा वापरून झाल्यावर तो नेमका शेवटी मोडला आहे, आणि त्या मोडण्यातच चौकटीचे कथानक पुढे सरकते. प्रेक्षक शिकत जातो हे ज्याने कुणी ही रचना केली त्याला पक्के ठाऊक होते.

पाश्चात्य चित्रपटांत याच्या जवळ जाणारी दोन उदाहरणे आहेत. ॲमिकसच्याच १९७२ च्या ‘असायलम’मध्ये मनोरुग्णालयात नोकरीसाठी आलेल्या तरुण डॉक्टरला सांगितले जाते की रुग्णांपैकी एक जण या संस्थेचा पूर्वीचा डॉक्टर आहे, तो ओळखून दाखव. त्यामुळे प्रत्येक गोष्ट ही साक्ष बनते, प्रेक्षक ती संशयाने ऐकतो, आणि शेवटच्या रुग्णाची गोष्ट तर त्याच्या खोलीतून बाहेर पडून थेट चौकटीत शिरते. ‘डेड ऑफ नाइट’मधला वास्तुविशारद एका घरात येतो आणि ही सगळी माणसे आपण स्वप्नात पाहिली आहेत असे म्हणतो, अखेरच्या दुःस्वप्नात सगळ्या गोष्टींतली माणसे आणि ठिकाणे एकमेकांत मिसळतात. अमेरिकेत प्रदर्शित करताना त्यातल्या दोन गोष्टी कापल्या गेल्या, त्यामुळे आधीच्या ज्या धाग्यांवर तो शेवट उभा होता त्यांतले काही निखळले. ‘क्वायदान’मधूनही अमेरिकेत हिमस्त्रीची गोष्ट वगळली गेली होती, आणि सत्यजित राय यांच्या १९६१ च्या ‘तीन कन्या’मधली ‘मणिहारा’ ही भुताची गोष्ट परदेशी आवृत्तीतून गळाली. या दोन्ही ठिकाणी उरलेला चित्रपट फारसा न लंगडता चालला. तुमच्या कटमधून एकेक गोष्ट काढून उरलेला चित्रपट पाहा. चारही वेळा काहीच बिघडले नाही, तर तुमच्याकडे चार लघुपट आहेत.

क्रमाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. बाव्हांच्या मूळ इटालियन आवृत्तीत आधी भुताविना चालणारी टेलिफोनची गोष्ट, मग लांबलेली रक्तपिपासू कुटुंबाची, आणि शेवटी ‘पाण्याचा थेंब’ असा चढता क्रम आहे. अमेरिकी वितरकांनी ‘थेंब’ पहिला ठेवला आणि टेलिफोनच्या गोष्टीत भूत घातले. परिणामी सर्वांत धारदार गोष्ट आधीच खर्च झाली, आणि माणसांच्या कारस्थानाची जी एकमेव वेगळी चव होती तीही गेली. ‘डेड ऑफ नाइट’मधल्या गोल्फच्या विनोदी गोष्टीला अनेक जण नावे ठेवतात. माझे मत वेगळे आहे: बोलक्या बाहुल्याच्या भीषण गोष्टीआधी ती आली नसती तर प्रेक्षकाने चिलखत उतरवलेच नसते. ‘क्वायदान’ने तर शेवटी अपूर्ण राहिलेली गोष्ट ठेवली आहे. तीन पूर्ण गोष्टी पाहिलेला प्रेक्षक चौथीच्या शेवटाची वाट पाहतो, आणि तो शेवट न लिहिताच लेखक नाहीसा झालेला असतो. तुमची चौथी गोष्टही आधीच्या तिघींसारखीच कलाटणीवर संपते, आणि ती ओळखली गेली याचे कारण मला एवढेच दिसते. तिचा शेवटचा प्रसंग पूर्ण काढून, त्याच्या आधीच्या प्रसंगावर थांबून एकदा दाखवून पाहावे. पुन्हा शूटिंग न करता हे करता येईल.

राहता राहिले मध्यंतर. चित्रपटगृहात प्रदर्शन होणार असेल तर मध्यंतर स्वाभाविकपणे दुसऱ्या गोष्टीनंतर पडेल, आणि ती या कटसाठी सर्वांत वाईट जागा आहे. पॉपकॉर्न घेऊन परतलेल्या प्रेक्षकासमोर पुन्हा नवे घर, नवी माणसे आणि नवी ओळख सुरू होईल, म्हणजे सलग पाहताना जो सैलपणा आला तो दुपटीने येईल. तिसऱ्या गोष्टीत वाड्यातल्या विहिरीचा नियम नातवाला समजतो आणि आजीला समजलेला नाही, तिथे मध्यंतर घ्यावे. होईचीच्या कानांसारखी एक फट प्रेक्षकाला ठाऊक असताना त्याला बाहेर जाऊ द्यावे. त्यासाठी पहिल्या गोष्टीतून सहा-सात मिनिटे कमी करावी लागतील, आणि ती तिच्या ओळखीच्या भागातून सहज निघतील. ओटीटीवर मध्यंतर नसते, पण प्रत्येक गोष्टीनंतरचा काळा पडदा आणि नवे शीर्षक हे तिथले मध्यंतरच आहे, कारण बंद करायचे बटण प्रेक्षक तिथेच दाबतो. म्हणून त्या आवृत्तीत दुसऱ्या गोष्टीच्या अखेरच्या शॉटवरच तिसरीतल्या रहाटाचा आवाज सुरू करावा आणि शीर्षक त्यानंतर आणावे.